बाई, तुमचं सेट झालंय का?

जून महिना लागला की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात. आणि दुसरी, माझी धाकटी जाऊ मोबाइल हातातून खाली ठेवत नाही. फोन वाजला की पोळी तव्यावर तशीच टाकून धावते. कॉलेजचा फोन असतो ना! "मॅडम, यंदा तासिका आहेत, अर्ज घेऊन या," एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी तिचा सगळा जीव कानात गोळा झालेला असतो.

गेली कित्येक वर्षं ती आमच्या भागातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. शिकवते म्हणजे अगदी जीव ओतून. उरण नाक्यावर भाजी घेताना पाच मिनिटांत दोन तरी मुली "मॅडम" म्हणून थांबतात. कुणी बँकेत लागलेली, कुणी कडेवर बाळ घेतलेली. पण आमच्या या मॅडमची नेमणूक मात्र तासिका तत्त्वावरची. म्हणजे सीएचबी. जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीत पैसे नाहीत, मे महिन्यात पैसे नाहीत, आणि जे मिळायचे तेही कधी कधी सहा-सहा महिन्यांनी एकदम. वर्ष संपलं की नेमणूक संपली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात, निदान तुमच्या इमारतीत अशी एखादी "कॉलेजात शिकवणारी" असणार. लोकांना वाटतं, काय मजा आहे, प्राध्यापक आहे! तिच्या पर्समध्ये काय येतं ते तिलाच ठाऊक.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघी वडाळे तलावाच्या काठी बसलो होतो. ती गप्प गप्प होती. मी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"ताई, आज पूर्णवेळ जागेची मुलाखत होती. माझ्याकडून एक कविता शिकवून घेतली. समोरचे सर माना डोलवत होते. मग फाइल उघडली आणि विचारलं, 'बाई, तुमचं सेट झालंय का?' मी नाही म्हटलं. फाइल बंद."

एवढंच बोलली आणि पाण्याकडे बघत राहिली. मी स्वतः बी.एड. करून शाळेत शिकवलेली बाई. मला तोवर हे सेट-नेट प्रकरण नीटसं ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून मी ते समजून घ्यायला लागले. जे समजलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी अनेकींच्या मुली, सुना आणि आपण स्वतःही एम.ए., एम.कॉम. होतो आणि मग "आता कॉलेजात लागेल" असं धरून चालतो.

नियम आला कुठून?

पूर्वी एम.ए.ला चांगले मार्क असले की कॉलेजात व्याख्याता म्हणून लागता येत असे. पण एका विद्यापीठातले साठ टक्के आणि दुसऱ्यातले साठ टक्के सारखे नसतात. शिवाय ओळखीपाळखीच्या नेमणुका होत, ते वेगळंच. देशभर एकच चाळणी असावी, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९ सप्टेंबर १९९१ रोजी नियम केला. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के आणि त्यावर राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत. नेट इंग्रजी-हिंदीतून असते, म्हणून राज्यांना आपापली परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्यासाठी १९९५ पासून पुणे विद्यापीठ ती घेतं. तीच सेट. अनेक विषयांत ती मराठीतून देता येते.

नियम दिल्लीत झाला, पण कॉलेजं गावोगाव होती. नेट-सेट झालेले उमेदवार मिळेनात, वर्ग तर चालवायचेच होते. त्यामुळे त्यानंतरच्या काही वर्षांत नेट-सेट नसलेल्या हजारो शिक्षकांच्या नेमणुका महाराष्ट्रात झाल्या. त्यात कितीतरी बायका होत्या. या मंडळींनी पुढे वीस-वीस वर्षं शिकवलं, पण कागदावर ती कायम "अपात्र" राहिली. हा प्रश्न एवढा तापला की २०१३ साली फेब्रुवारी ते मे या काळात राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. तुमच्यापैकी कुणाची मुलं तेव्हा कॉलेजात असतील तर तो गोंधळ आठवत असेल. शेवटी २७ जून २०१३ रोजी शासनाने निर्णय काढला. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट शिक्षकांच्या सेवा नियमित केल्या, पण निर्णयाच्या तारखेपासून. म्हणजे आधीची वर्षं धरायची की नाही, पेन्शन कुठलं, यावर पुन्हा कोर्टकचेऱ्या आल्याच.

एम.फिल.ची फसगत

आता आमच्या जाऊबाईंची गोष्ट. ती सांगलीकडची. २००५ साली एम.ए. झाली, ५८ टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, आयोगाने जाहीर केलं की एम.फिल. झालेल्यांना पदवीच्या वर्गांना शिकवण्यासाठी नेटची गरज नाही. झालं! तिच्या सरांनी सांगितलं, "एम.फिल. करून टाक, नेटची कटकट गेली." हिने मान मोडून अभ्यास केला, २००८ मध्ये एम.फिल. पूर्ण केलं आणि त्याच हिवाळ्यात लग्न होऊन पनवेलला आमच्या घरी आली. पहिलं वर्ष घर, सणवार, पाहुणे यात गेलं. जुलै २००९ मध्ये आयोगाने नियम पुन्हा बदलला. एम.फिल.ची सूट काढून घेतली. सूट राहिली ती फक्त नव्या नियमांनुसार पीएच.डी. केलेल्यांना.

ज्यांनी आधीच एम.फिल. केलं होतं त्यांचं काय? काही जण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ मार्च २०१५ रोजी निकाल लागला तो त्यांच्या विरोधात. किमान पात्रता ठरवणं आणि बदलणं हा आयोगाचा अधिकार आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे २०२२ च्या नियमांनी तर एम.फिल. ही पदवीच बंद झाली. हिच्या कपाटातला तो निळ्या बांधणीचा प्रबंध आता नुसता धूळ खातो. "ताई, हा माझा हुंडाच समजा. दिला पण कामाला आला नाही," असं ती हसत म्हणते. पण त्या हसण्यात काय आहे ते मला कळतं.

तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच सेट का नाही दिली? दिली की. मुलगा दोन वर्षांचा असताना पहिल्यांदा दिली. तेव्हा एका दिवसात तीन पेपर असायचे. केंद्र मुंबईत. पहाटेची लोकल पकडून सव्वा तास प्रवास करून गेली. दुसऱ्या पेपरनंतर घरी फोन केला तर मुलाला ताप. तिसरा पेपर टाकून परत आली. आमच्यापैकी कुणी तिला "ये" म्हटलं नव्हतं, पण "तू बस, आम्ही आहोत" असंही कुणी म्हटलं नाही. त्यात मीही होते. आज ते मला बोचतं.

दुसऱ्यांदा दिली तेव्हा अभ्यासच झाला नव्हता. कधी होणार? सकाळी डबे, मग कॉलेज, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी स्वयंपाक. रात्री अकराला पुस्तक उघडायचं आणि सव्वाअकराला त्यावरच डोकं टेकायचं.

आपल्या गावचं कॉलेज

पनवेलमध्ये रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. पनवेलपर्यंत लोकल आली ती १९९८ मध्ये. त्याआधी मुंबईला शिकायला जाणं म्हणजे मुलीच्या घरच्यांना केवढा घोर! गावात कॉलेज आलं म्हणून पनवेल, उरण, पेणच्या किती मुली पदवीधर झाल्या. आता तर नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, खारघर, जिकडे तिकडे कॉलेजं आहेत. चांगू काना ठाकूर, पिल्लई ही नावं घरोघरी माहीत. ही सगळी मुंबई विद्यापीठाच्या परिघातली. कॉलेजं आहेत म्हणजे शिकवणारे लागणार, आणि घराजवळ, ठराविक वेळेचं काम म्हणून बायकांना ते सोयीचं वाटणार, हे ओघानंच आलं.

पण इथेच एक मोठा गोंधळ असतो. मला कितीतरी जणी विचारतात, "अहो, माझी मुलगी एम.ए. बी.एड. आहे, मग सीनियर कॉलेजला का घेत नाहीत?" घेत नाहीत, कारण दोन्हीकडच्या पात्रता वेगळ्या. पहिली ते आठवीला शिकवायचं तर डी.एड. किंवा बी.एड. आणि टीईटी. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. त्याच्या पुढे, एफ.वाय.पासून, बी.एड.चा उपयोग नाही, तिथे नेट-सेट किंवा पीएच.डी. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, खालच्या मजल्यावर चालणारी बाई वरच्या मजल्यावर चालत नाही, आणि वरची खाली चालत नाही!

पीएच.डी.चंही तसंच. २०१८ च्या नियमांत असं होतं की विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची. करोनामुळे ती तारीख जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली, आणि त्याच सुमारास आयोगाने ती सक्तीच काढून टाकली. आता थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान अट, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ऐकलेली माहिती आज खरी असेलच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने आणखी नव्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी मांडला होता. म्हणून माझं सांगणं एवढंच, की शेजारणीने सांगितलं म्हणून कोर्सला पैसे भरू नका. त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचा, नाहीतर मुलीकडून वाचून घ्या.

परीक्षा खरंच हवी का?

हा प्रश्न मी जाऊबाईंनाच विचारला. मला वाटलं, ती म्हणेल, "नकोच." पण ती म्हणाली, "ताई, हवी. माझ्याच कॉलेजात पिवळ्या पडलेल्या वह्यांतून नोट्स सांगणारे आहेत. मुलांनी फी भरलेली असते. त्यांच्यासमोर उभं राहणाऱ्याला विषय येतो की नाही, हे कुणीतरी तपासायलाच पाहिजे. पण सेट झालेलाही वर्गात गप्प बसलेल्या मुलीला बोलतं करेलच, याची खात्री कुठली परीक्षा देते? आणि पंधरा वर्षं मी शिकवलं, तेव्हा मी अपात्र होते तर मला वर्गात का पाठवलं? तास घ्यायला पात्र आणि पगार द्यायला अपात्र, हे कसं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे? पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सातव्या आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे उभी राहणारी तासिकेवरची बाई मे महिन्यात शिकवण्यांवर घर चालवते.

बायकांपुढचा उंबरठा दरवेळी वेगळा असतो, पण तो असतोच. कमला सोहोनींचंच बघा. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, का, तर ती मुलगी म्हणून. ती अडून बसली, एक वर्षाच्या अटीवर आत गेली, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिने शिकवलं आणि त्या संस्थेची संचालकही झाली. तिच्याकडे गुण होते, पण दार उघडत नव्हतं. आज दार उघडं आहे, प्रवेशही आहे. पण मधल्या दहा वर्षांत लग्न, बाळंतपण, सासूसासऱ्यांची आजारपणं येतात आणि तेवढ्यात नियम बदलतो.

आईंनी काय केलं

आमच्या सासूबाई सातवी शिकलेल्या. २०२३ च्या दिवाळीनंतर एक दिवस जाऊबाई म्हणाली, "आता बस झालं. चाळिशी ओलांडली. शिकवण्याच वाढवते." आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परीक्षेला वयाची अट आहे का गं?"

"नाही आई. सेटला वयाची अट नाही."

"मग तू का घालतेस?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळचे डबे आईंनी आणि मी वाटून घेतले. धाकट्या दिरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, रात्रीचा ओटा आवरायला सुरुवात केली. तो पहिले आठ दिवस इतका आवाज करी की सगळी चाळ जागी व्हावी! पण करू लागला. हिला रोज पहाटे चार ते सहा असे दोन तास मिळाले. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, अध्यापन, संशोधन, तर्क, आकडेमोड यांवर. मराठीच्या बाईला आकडेमोड जड जाणारच. तिला ती शिकवली तिच्या सातवीतल्या मुलाने. टक्केवारी आणि मालिका. "आई, एवढं सोपं येत नाही तुला?" असं तो म्हणायचा आणि दोघं हसायची.

७ एप्रिल २०२४, रविवार. परीक्षा. या वेळी मी तिच्याबरोबर केंद्रावर गेले. आता दोनच पेपर असतात, एकूण तीनशे गुणांचे. बाहेर झाडाखाली बसले होते तर शेजारी तशाच आणखी कितीजणी. कुणाच्या मांडीवर नातवंड, कुणाच्या हातात दुधाची बाटली. आत सुना आणि लेकी पेपर सोडवत होत्या. एक सासरेबुवा तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. मला वाटलं, असा फोटो पेपरात यायला हवा.

सेटमध्ये बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात. या सहा टक्क्यांत आमची जाऊबाई आली. निकाल तिने तीनदा उघडून बघितला. मग देवापुढे साखर ठेवली आणि मला मिठी मारून खूप रडली.

आता तुम्हाला वाटेल, लगेच नोकरी लागली असेल. नाही लागली. कारण पात्रता वेगळी आणि जागा वेगळी. राज्यात हजारो जागा वर्षानुवर्षं रिकाम्या असतात. शासन परवानगी देतं तेव्हा जाहिरात निघते. २०२१ साली २०८८ जागा भरायला परवानगी मिळाली होती, तिची वाट लोक किती वर्षं बघत होते! मग बिंदुनामावली, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता. सेट ही नोकरीची हमी नाही, हे मी स्पष्टच सांगते. आजही जाऊबाई तासिकेवरच आहे. तिने आता पीएच.डी.साठी नाव नोंदवलंय. वय बेचाळीस. आईंना विचारलं तर म्हणतात, "डॉक्टर होणार आहे आमची. इंजेक्शनवाली नाही हो, पुस्तकवाली."

पण परवा एका जागेची मुलाखत झाली. जागा मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "काय विचारलं?" ती चप्पल काढता काढता म्हणाली, "पहिलाच प्रश्न तोच. 'बाई, तुमचं सेट झालंय का?' मी फाइल त्यांच्यापुढे सरकवली. मग त्यांनी विचारलं, 'बरं, काय शिकवाल?'"

एवढं सांगून ती पदर खोचून ओट्याकडे वळली. मी म्हटलं, "राहू दे, आज मी करते."

कात्रण काढून ठेवा

• नेट वर्षातून साधारण दोनदा होते. डिसेंबर २०१८ पासून ती राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. विज्ञानाच्या बहुतेक विषयांसाठी सीएसआयआरची वेगळी नेट असते. नेट देशभर चालते, सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती.

• सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नेट-सेटला वयाची कमाल अट नाही. संशोधन शिष्यवृत्तीसाठी (जेआरएफ) मात्र वयोमर्यादा ३० आहे, स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं ही शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे.

• मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठातून केलेली एम.ए., एम.कॉम. चालते. पण विद्यापीठाची आणि त्या अभ्यासक्रमाची, दोन्हींची मान्यता आधी तपासा.

• पीएच.डी. करताना स्त्रियांना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. पूर्ण करायला इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त, म्हणजे कमाल दहा वर्षं मिळतात. लग्नामुळे गाव बदललं तर ठराविक अटींवर संशोधन नव्या विद्यापीठात नेता येतं. हा हक्क मागून घ्या.

• अभियांत्रिकीला नेट लागत नाही. तिथे बी.ई. आणि एम.ई. (किंवा एम.टेक.) दोन्ही, आणि त्यापैकी एकात प्रथम श्रेणी लागते.

• संगीत-नृत्यासारख्या विषयांत नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, पदवीधर आणि आकाशवाणी-दूरदर्शनची 'अ' श्रेणी असलेल्या कलावंतांसाठी वेगळी वाट आहे. घरात तंबोरा असेल तर हे जरूर वाचा.